रणगाडे आले, मग अडलं कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात युक्रेनच्या युद्धाबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, की घुसलेल्या सैन्याला परत हाकलायचं असेल तर आपल्याकडे रणगाडे किती हे मोजायच्या आधी त्याला खंदक खोदायला वेळ किती मिळाला ते बघा. त्या एका वाक्यावरून मालवणपासून अलिबागपर्यंत एवढे मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (मालवण): आमच्या नाक्यार रोज सांजचे हीच चर्चा असता. युक्रेनाक एवढे लेपर्ड रणगाडे, ब्रॅडली गावले, मगे २०२३ साली तेंका पुढे जाऊक कित्याक जमूक नाय? आणि आदल्या वर्षी खारकीवाक आठ दिसांत कसा काय जमला?

उत्तर: भाऊ, हे दोन हल्ले शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही म्हणून जरा लांबण लावतो. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाचं सैन्य फेब्रुवारीपासून पुढे पुढे करून दमलेलं होतं, माणसं कमी आणि फ्रंट लांबलचक. युक्रेनने दक्षिणेतल्या खेरसोनवर येणार येणार म्हणून आधीपासून गाजावाजा केला, २९ ऑगस्टला तसं जाहीरच केलं, आणि रशियाने आपल्या चांगल्या तुकड्या दक्षिणेला हलवल्या. ईशान्येला खारकीवकडे मागे राहिले ते थोडेसे सैनिक, काही निमलष्करी दलाचे, काही रशियाच्या ताब्यातल्या लुहान्स्कमधून जबरदस्तीने भरती केलेले. ६ सप्टेंबरला बालाक्लियाजवळ धडक बसली आणि १० तारखेपर्यंत कुपियान्स्क आणि इझ्यूम दोन्ही हातचे गेले, गाड्या दारूगोळा तसाच टाकून लोक पळाले. युक्रेनच्या प्लॅनिंगचं कौतुक करायलाच हवं, पण समोर भिंत अशी नव्हतीच हेही धरून चला. आणि ती संधी किती दिवस टिकली? २१ सप्टेंबरला पुतिननी तीन लाख राखीव लोकांना बोलावलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला लीमानही रशियाच्या हातून गेलं, आणि मग स्वातोवे आणि क्रेमिन्ना या गावांच्या रेषेवर येऊन सगळं ठप्प, कारण तोवर भोक बुजलं होतं.

खेरसोनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे रशियाचे हजारो सैनिक नीपर नदीच्या पश्चिम काठावर होते आणि त्यांचं खाणंपिणं, गोळे, डिझेल सगळं दोन-चार पुलांवरून यायचं. जूनअखेर हायमार्स ही लांब पल्ल्याची अमेरिकन रॉकेटं आली आणि जुलैपासून नीपरवरच्या आंतोनिव्स्की पुलाला पुन्हा पुन्हा मार बसायला लागला. शहरात घुसून लढावंच लागलं नाही, पुरवठा तुटला आणि ११ नोव्हेंबरला खेरसोन मोकळं झालं. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, की ते हजारो सैनिक बऱ्यापैकी शिस्तीत नदीपार निसटले आणि पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या झापोरिझ्झिया प्रांताच्या खंदकात रशियाला माणसं कमी पडली नाहीत.

आता २०२३. जर्मनीने लेपर्ड द्यायचं ठरवलं २५ जानेवारीला, मग ट्रेनिंग, मग वाहतूक, मग बर्फ वितळून झालेला चिखल वाळायची वाट (लावणीच्या मळ्यात बोलेरो घालून बघा म्हणजे कळेल), आणि हल्ला सुरू झाला जूनच्या पहिल्या आठवड्यात. खेरसोन सोडल्यापासून जूनपर्यंत रशियाला सहा-सात महिने मिळाले. सुरोविकिन नावाच्या जनरलच्या काळात त्यांनी खंदक, रणगाडे अडवायचे चर, काँक्रीटचे दात आणि या सगळ्याच्या पुढे सुरुंगांचे पट्टे असं काम केलं की ती रेषा पुढे त्याच्याच नावाने ओळखली जायला लागली. युक्रेनला जायचं होतं ओरिखिवहून तोकमाक, मेलितोपोल करत अझोव समुद्रापर्यंत, म्हणजे रशियाचा क्रिमियाकडे जाणारा जमिनीचा पट्टा मधोमध कापायचा. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, आपल्या चिपळूण ते रत्नागिरीहून फार जास्त नाही. ८ जूनला माला तोकमाच्काजवळ लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली या चिलखती गाड्यांचा एक ताफा सुरुंगात अडकला, ते फोटो जगभर फिरले, तुम्हीही बघितले असतील. जुलैत युक्रेनने मोठे ताफे बंद करून पायदळाच्या छोट्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली, आणि रोबोटिने हे ओरिखिवपासून दहा-पंधरा किलोमीटरवरचं गाव हातात आलं ते ऑगस्टअखेर. तोकमाक शेवटपर्यंत आलंच नाही.

त्यात युक्रेनने सैन्य एकाच ठिकाणी न लावता ओरिखिव, वेलिका नोवोसिल्का आणि बाखमूत अशा तीन दिशांना वाटलं, यावर अमेरिकन अधिकारी तेव्हाच कुरकुरत होते. माझं मत विचाराल तर ती कुरकुर बरोबर होती पण एकाच जागी लावलं असतं तरी मेलितोपोल मिळालंच असतं असं मला वाटत नाही. विमानांचं छत्र नसताना असा हल्ला करायला अमेरिकेचं स्वतःचं सैन्य तयार झालं नसतं, सल्ला द्यायला काय जातं.

प्रश्न (देवगड): सुरुंगांचं एवढं काय? मशिनी असतात ना साफ करायला. टीव्हीवर तर रॉकेट सोडून रस्ता मोकळा करताना दाखवतात.

उत्तर: असतात की. एका रॉकेटच्या मागे स्फोटकांचा जाड दोर बांधलेला असतो, तो उडून पुढे पडतो आणि फुटला की साधारण शंभर मीटर लांब आणि आठ मीटर रुंद वाट साफ होते. रशियन पद्धतीत सुरुंगाचा पट्टा पूर्वी १२० मीटरच्या आसपास खोल धरायचे, तेवढ्याला हे पुरलं असतं. युक्रेनला समोर मिळाले ते ५०० मीटरपर्यंत खोल पट्टे. म्हणजे एक दोर टाकला, शंभर मीटर गेलात, आता उभं राहून दुसरा टाका, मग तिसरा, आणि तेवढा वेळ तुम्ही उघड्यावर एका रांगेत उभे आहात आणि वरून ड्रोन बघतोय. आठ-दहा किलोमीटरवरून रशियाचं का-५२ हेलिकॉप्टर मिसाईल सोडतंय आणि तुमच्याकडे तेवढ्या लांब पोचणारं हत्यार पुढच्या फळीत नाहीये. कुठे कुठे तर एकावर एक दोन सुरुंग ठेवलेले, म्हणजे नुसता नांगर फिरवून काढणारी मशीनच उडावी. शिवाय साफ केलेल्या वाटेवर रात्री तोफेतून पुन्हा सुरुंग फेकता येतात, सकाळी तीच वाट पुन्हा बंद. सुरुंग एकटा काही करत नाही हो, तो तुम्हाला थांबवतो, मारणारा दुसराच असतो.

प्रश्न (चिपळूण, शिक्षिका): शाळेत मुलं विचारतात की शिवाजी महाराजांचा गनिमी कावा आजच्या युद्धात चालेल का? मी काय सांगू?

उत्तर: ताई, मुलांना आधी प्रतापगडानंतरचं सांगा, आपण अफजलखानापाशीच थांबतो. १० नोव्हेंबर १६५९ ला खान मारला गेला आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा महाराजांच्या ताब्यात होता. अठरा दिवस. विजापूरला धक्का पचवून नवीन सरदार नेमायला, किल्ल्यांवर शिबंदी वाढवायला सवडच दिली नाही. खारकीवला सप्टेंबरात युक्रेनने जे केलं ते याच जातीचं आणि २०२३ ला जे करता आलं नाही तेही हेच. आता नुसत्या वेगाने सगळं होत नाही, पुढे त्याच पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि विशाळगडाकडे निसटावं लागलं हेही मुलांना माहीत असतंच, पण त्या अठरा दिवसांत जे हाताला लागलं ते खानाच्या फौजेशी वर्षभर समोरासमोर झुंजून लागलं नसतं.

दुसरं औरंगजेबाचं. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला आणि १७०७ ला अहमदनगरजवळ मेला तोपर्यंत परत गेला नाही. त्याने किल्ले घेतले, अगदी सातारासुद्धा १७०० मध्ये घेतला, कित्येक किल्ले तर लढून नाही, किल्लेदाराला पैसे मोजून. आणि मराठ्यांनी काय केलं, संताजी धनाजींनी त्याच्या छावण्यांवर, रसदेवर, खजिन्यावर घाव घातले, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेल्यामुळे मोगलांची मोठी फौज आठ वर्षं तिकडे अडकून पडली, आणि पुढे ताराराणींच्या काळात मराठे नर्मदा ओलांडून थेट माळव्यात शिरले. किल्ले काही वर्षांत परत आले. पण बघा, याला पंचवीस वर्षं लागली आणि मुलूख उजाड झाला, आपण पोवाड्यात ते गाळतो.

आज काय चालणार नाही ते पण सांगा. पाच हजार घोडेस्वार घाटात लपवता यायचे, आज वीस रणगाडे एका रानात जमले तर उपग्रहाला आणि ड्रोनला दिसतात. रसद तोडणं मात्र आजही तेवढंच चालतं, खेरसोनचा पूल हे त्याचं उदाहरण मुलांना नकाशावर दाखवता येईल.

प्रश्न (हर्णै, मच्छीमार): युक्रेनकडे नेव्ही नाही म्हणता, मग रशियाची जहाजं मागे कशी गेली?

उत्तर: या प्रश्नाची मी वाट बघत होतो, कारण या युद्धातला सगळ्यात यशस्वी प्रतिहल्ला जमिनीवर नाही, समुद्रात झाला आणि त्याची चर्चा कमी होते. १४ एप्रिल २०२२ ला 'मोस्कवा' ही काळ्या समुद्रातल्या ताफ्याची मुख्य युद्धनौका बुडाली, किनाऱ्यावरून सोडलेल्या युक्रेनी बनावटीच्या नेपच्यून मिसाईलनी. ३० जूनला रशियाने त्याच समुद्रातलं स्नेक आयलंड हे बेट सोडलं. ऑक्टोबर २०२२ ला पहिल्यांदा स्फोटकांनी भरलेल्या, माणूस नसलेल्या बोटी क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या बंदरात घुसल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सेवास्तोपोलच्या ड्राय डॉकमध्ये एक लँडिंग शिप आणि एक पाणबुडी मारली, त्याच महिन्यात ताफ्याच्या मुख्यालयावरच मिसाईल पडलं आणि मग रशियाने बरीचशी महत्त्वाची जहाजं पूर्वेला रशियातल्या नोवोरोसिस्क बंदरात नेऊन बांधली. त्यात तुर्कीने १९३६ च्या माँट्रो कराराखाली युद्धनौकांना काळ्या समुद्रात यायची बोस्फोरसची सामुद्रधुनी बंद केली होती, त्यामुळे एक जहाज गेलं की बदली बाहेरून आणायची सोयच नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही हर्णैचे, तेव्हा खांदेरी आठवेलच. १६७९ ला मायनाक भंडाऱ्यांनी थळसमोरच्या त्या बेटावर तटबंदी बांधायला घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला. मोठी शिडाची जहाजं वाऱ्याच्या भरवशावर आणि आपली गलबतं वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री अंधारात थळ-नागावहून सामान बेटावर पोचवायची. ऑक्टोबरच्या लढाईत आपल्या छोट्या होड्यांनी इंग्रजांचं एक जहाज पकडलं सुद्धा. शेवटी वेढा उठला आणि खांदेरी आपली राहिली. शत्रूचं आरमार बुडवलं नव्हतं, फक्त त्या पाण्यात उभं राहणं त्याला महाग केलं. युक्रेनने तेच केलंय.

पण एक आहे, समुद्र मोकळा झाला म्हणून मेलितोपोल परत आलं नाही. धान्य बाहेर जायला लागलं, सूर्यफूल तेल निघालं, देशाला चार पैसे मिळाले, तो फायदा मोठाच.

प्रश्न (गुहागर): माझा मुलगा शिपवर आहे. पुढच्या व्हॉयेजला ओडेसाच्या बाजूला जाणार असं म्हणतोय. काका, तिकडे आता सेफ आहे का?

उत्तर: ताई, सेफ आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. जुलै २०२३ ला रशिया युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे जाऊ द्यायच्या करारातून बाहेर पडला, त्यानंतर ऑगस्टपासून युक्रेनने रोमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्याकडेने स्वतःचा मार्ग चालू केला आणि त्यावरून भरपूर जहाजं ये-जा करतात हे खरं. वाहत आलेले सुरुंग शोधायला तुर्की, रोमानिया आणि बल्गेरियाची एकत्र मोहीम २०२४ पासून चालू आहे. धोका जास्त आहे तो बंदरात उभं असताना, कारण ओडेसा आणि आसपासच्या बंदरांवर मिसाईल आणि ड्रोन पडतात. मुलाला म्हणावं कॉन्ट्रॅक्ट नीट वाच. ज्या जहाजांना आंतरराष्ट्रीय युनियनचा करार लागू असतो त्यांच्यावर, युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात जायला नकार द्यायचा हक्क खलाशाला असतो, कंपनीच्या खर्चाने घरी परत यायचा, आणि गेलाच तर ज्यादा बोनस आणि दुप्पट भरपाईचा. आणि एजंटचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, सरकारच्या डीजी शिपिंगच्या यादीत आहे ना ते आधी बघा. आपल्याकडची पोरं नोकरीच्या घाईत हे बघत नाहीत.

प्रश्न (रत्नागिरी): तुमचं लिखाण वाचून वाटतं तुम्ही युक्रेनच्या बाजूचे. रशिया आपला जुना मित्र आहे हे विसरलात काय?

उत्तर: विसरलो नाही. २०१८ चा एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा करार आहे, २०२२ नंतर आपण त्यांचं तेल किती घ्यायला लागलो तेही सगळ्यांना माहीत आहे. पण एका देशाचं सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं तर शिरलं असंच लिहिणार, त्यात मैत्रीचा काय संबंध.

आणि रशियाचं कौतुकच ऐकायचं असेल तर ऐका, घुसखोराला परत कसं ढकलायचं हे जगाला त्यांनीच शिकवलंय. १९ नोव्हेंबर १९४२ ला स्टालिनग्राडला सोव्हिएत सैन्याने जर्मनांवर शहरात हल्ला नाही केला, दोन्ही बाजूंना लांबवर कच्ची रोमानियन सैन्यं उभी होती तिथे केला आणि आतलं जर्मन सैन्य कोंडलं. दुसरं १९४३ चं कुर्स्क. हिटलरला मे महिन्यात हल्ला करायचा होता, पण नवीन पँथर रणगाडे येऊ देत म्हणून तो थांबत राहिला, थांबत राहिला, जुलै उजाडला. तेवढ्यात रशियनांनी एकामागे एक संरक्षणाच्या फळ्या खोदल्या, लाखोंनी सुरुंग पुरले, आणि ते पँथर आले तेव्हा कितीतरी नुसते बिघडूनच बंद पडले. ५ जुलैला जर्मन आले, सुरुंगात आणि तोफांत अडकले, आणि १२ जुलैला सोव्हिएत प्रतिहल्ला चालू झाला तो नंतर थांबलाच नाही. आता लेपर्डची वाट बघण्यात गेलेला २०२३ चा वसंत त्याच्या शेजारी ठेवा. रशियन जनरलांना हा धडा शाळेपासून पाठ, आणि यावेळी घुसखोर ते स्वतः असून खोदणाऱ्याच्या जागी जाऊन बसले. हे बघून मला खरंच आश्चर्य वाटलं होतं की इतकी उघड गोष्ट पाश्चात्त्य राजधान्यांमध्ये कुणी जोरात का नाही सांगितली.

प्रश्न (सावंतवाडी, निवृत्त सुभेदार): १९६५ ला आम्ही लाहोरकडे फ्रंट उघडला आणि अखनूर वाचलं. तसंच युक्रेनने २०२४ ला रशियाच्या कुर्स्कमध्ये घुसून केलं, मग पूर्व युक्रेनमधल्या पोक्रोव्स्कवरचा दाब कमी का नाही झाला?

उत्तर: सुभेदारसाहेब, तुम्हाला मी काय सांगणार, पण बाकी वाचकांसाठी लिहितो. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले, रोख अखनूरच्या पुलाकडे, तो गेला असता तर जम्मूकडून पुढे जाणारा आपला रस्ताच तुटत होता. ६ तारखेला आपलं सैन्य पंजाबात सीमा ओलांडून लाहोरकडे निघालं आणि पाकिस्तानला तिकडचं बळ काढून इकडे आणावं लागलं. लाहोर सीमेपासून हाकेच्या अंतरावर आणि पाकिस्तानचा जीव त्या शहरात. ते गेलं तर अखनूर मिळून उपयोग काय.

कुर्स्कचं तसं नव्हतं. ६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेन सीमा ओलांडून गेला, धक्का जबरदस्त होता, महिनाअखेर बाराशे-तेराशे चौरस किलोमीटर घेतल्याचा दावा त्यांच्या सेनापतींनी केला. पण हातात आलं ते सुद्जा, छोटं गाव. पुतिननी हिशोब केला की हे हळूहळू परत घेऊ आणि पोक्रोव्स्कचा दाब चालूच ठेवला, वर उत्तर कोरियाचे सैनिक आणून कुर्स्कमध्ये लावले. मार्च २०२५ मध्ये सुद्जा रशियाकडे परत गेलं. शत्रूला जे हवंय त्याच्यापेक्षा त्याला प्यारं असलेलं काहीतरी धरलं तरच तो वळतो. युक्रेनच्या हाती तसं काही पोचण्यासारखं नव्हतं.

कारगिलबद्दल पण दोघातिघांनी विचारलंय. तिथे नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं सरकारने ठरवलं होतं, त्यामुळे वर बंकर करून बसलेल्याला समोरूनच काढावं लागलं, १३ जूनला तोलोलिंग, ४ जुलैला टायगर हिल, बोफोर्सनी डोंगर भाजून काढले आणि तरी ५२७ जवान गेले. खोदून बसलेल्याला समोरून काढायची किंमत ही अशी असते. मात्र घुसखोर तिथे मोजके होते आणि त्यांची रसद लांबून डोंगर चढून यायची, झापोरिझ्झियाला रशियाच्या मागे रेल्वे होती.

प्रश्न (अलिबाग, कॉलेज स्टुडंट): हल्ला करायला तिप्पट सैन्य लागतं असं वाचलं. युक्रेनची लोकसंख्या रशियापेक्षा कितीतरी कमी, मग पुढे कधी मोठा काउंटरऑफेन्सिव्ह होऊच शकणार नाही का?

उत्तर: तीनास एक हा हिशोब सगळ्या सैन्याचा नसतो रे, जिथे फोडायचं त्या जागेचा असतो. खारकीवला युक्रेनने त्या पट्ट्यात बळ जमवलं होतं, एकूण सैन्य मोजलं असतं तर हल्ला केलाच नसता. आजची अडचण अशी की एका जागी तेवढे लोक जमवता येत नाहीत. दोन्हीकडे फ्रंटच्या मागे पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत ड्रोन फिरतायत, गाडी दिसली की संपली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनचे तेव्हाचे सेनापती झालुझ्नी स्वतःच बोलले की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झालीय, राजकारण्यांना ते झोंबलं, फेब्रुवारीत त्यांच्या जागी सिर्स्की आले. कोंडी तशीच राहिली.

माणसांचा प्रश्न खरा आहे. एप्रिल २०२४ मध्ये भरतीचं वय २७ वरून २५ वर आणावं लागलं, त्यावरून तिथे किती भांडणं झाली, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांना सक्तीने घ्यायला सरकार धजावत नाही. कारण हीच तर देशाची उद्याची पिढी, ती संपली तर जमीन परत घेऊन राहणार कोण.

म्हणून मला विचारशील तर अझोव समुद्रापर्यंत रणगाडे धावतायत असला हल्ला मला जवळपास दिसत नाही. छोटे प्रतिहल्ले होतील, एखादं गाव, एखादा रस्ता, जिथे रशियन घाईत पुढे आले आणि खोदायला वेळ मिळाला नाही तिथे. दुसरं म्हणजे खूप आत घाव. १ जून २०२५ ला ट्रकमधून ११७ ड्रोन सोडून सायबेरियापर्यंतच्या विमानतळांवर उभी बॉम्बर विमानं मारली, तेल रिफायनऱ्या तर सारख्या पेटतात. त्याने नकाशावरची रेषा हलत नाही, पण रशियाच्या मागचा पुरवठा कुरतडला जातो, आणि तो पुरेसा कुरतडला गेला किंवा मॉस्कोत काही उलथापालथ झाली तर खेरसोनसारखी वेळ परत येऊ शकते. तेव्हा युक्रेनकडे ताज्या तुकड्या हाताशी असतील का, हा माझ्या मते खरा प्रश्न. रशियाच्या भाडोत्री वॅग्नर दलाच्या प्रमुखाने, प्रिगोझिनने २०२३ च्या जूनमध्ये बंड केलं ना, एक दिवस का होईना रशियाची पाठ उघडी पडली होती, आणि तेव्हा युक्रेनचं सैन्य सुरुंगात अडकलेलं होतं.

प्रश्न (वेंगुर्ला): न्यूज चॅनलवर रोज लाल-निळे नकाशे दाखवतात. त्यातलं खरं काय समजायचं?

उत्तर: रंग सोडा, रेल्वे आणि पूल बघा. एखादं गाव गेलं किंवा आलं याने फरक पडतो तो त्या गावातून जाणाऱ्या रस्त्याने. तोकमाकला महत्त्व तिथल्या रेल्वे आणि रस्त्यांमुळे, कुपियान्स्कचं तेच. आणि नकाशावर एखादा बारीक लांब सुळका पुढे गेलेला दिसला तर लगेच टाळ्या वाजवू नका, त्या सुळक्याच्या दोन्ही बाजूंना कोण आहे ते बघा. रोबोटिनेच्या पुढे युक्रेनचा तसाच सुळका होता, तिन्ही बाजूंनी तोफा लागायच्या, आणि २०२४ मध्ये रशियाने तो परत घेतला. चॅनलवाल्यांच्या ग्राफिकमध्ये रणगाडे धावताना दाखवतात ते तर बघूच नका, आवाज बंद करून जेवा.

ड्रोन कसे अडवतात आणि जाळ्या लावलेले रस्ते कसे असतात यावर दापोली आणि कणकवलीहून आलेले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, त्यांना जागा जास्त लागेल.